हलगीचं तोंड उगवतीला

कुतुबुद्दीन बाशिंगवाल्याचा माणसांवर भरवसा नव्हता. माणसांचं सोडा, त्याचा शेळीवरही भरवसा नव्हता. मडक्यातली खळ कमी दिसली की तो आधी बायकोकडे बघायचा, मग शेजारच्या भिंतीकडे, आणि शेवटी दावणीच्या शेळीजवळ जाऊन तिचं तोंड हुंगायचा. गव्हाच्या पिठाची खळ ती, किडा लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद कालवलेलं. शेळीनं खाल्ली असती तर ती उभी तरी राहिली असती का? पण हे त्याला सांगणार कोण! त्याची बायको अमीरबी चुलीपुढून म्हणायची, "अजी, तिचं काय हुंगताय? माझं हुंगा. मीच खाल्ली असंल." आणि खोटं कशाला सांगा, हा गडी क्षणभर खरंच विचारात पडायचा.

शाहू महाराजांच्या अमदानीतली ही गोष्ट. प्लेग येऊन गेला होता, माळावर झोपड्या घालून राहिलेलं कोल्हापूर पुन्हा घराघरांत परतलं होतं आणि तालमी-तालमींतून शड्डू घुमत होते. चिंचेच्या तालमीमागच्या बोळात कुतुबचं घर. वर्षभर तो लग्नाची बाशिंगं करायचा. कागद, बेगड, मणी, झिरमिळ्या. त्याच्या हातचं बाशिंग बांधल्याशिवाय त्या पेठेतला नवरदेव बोहल्यावर चढत नसे. पण गिऱ्हाइकानं बाशिंग हातात घेऊन जरा उलटं केलं की हा लगेच हटकायचा. "काय पावणं, पाठीमागनं काय बघालाय? कारागिरी उचलायला आलाय व्हय?" पावणा बिचारा मुलाचा मामा, उभा जन्म नांगर धरलेला, बोटं मुळ्यासारखी जाड. तो काय डोंबल उचलणार! पण बाशिंग घेऊन निमूट निघून जायचा, कारण दुसरीकडे असं मिळत नव्हतं.

बाशिंगं पोटासाठी होती. कुतुबचा जीव होता तो ताबुतात.

मोहरम आला की तालमीत पीर बसायचा आणि अख्खी पेठ त्याच्या भोवती गोळा व्हायची. नवस हिंदूंचे, फकिरी घेणारी मुलं हिंदूंची, उदाची राख कपाळाला लावायला येणाऱ्या बायका दोन्हीकडच्या. तालमीशेजारी चिंचेखाली तट्टे आणि पोती लावून आडोसा करायचे आणि आत कुतुबचा ताबूत उभा राहायचा. तो उभा राहायची रीत न्यारी होती. घर बांधताना आधी पाया घालतात. इथं आधी कळस. मलकापुराकडून आलेल्या कळकाच्या कामट्या तासून पहिल्यांदा कळस बांधायचा, कागद-बेगड लावून पुरा सजवायचा. मग तालमीतले पैलवान वाशांना खांदा देऊन तो तसाच वर उचलायचे आणि त्याच्याखाली नवा मजला सरकवायचा. पुन्हा उचलायचं, पुन्हा खाली मजला. असा तो वरून खाली वाढायचा. शिडी लागत नसे, कारण हात लावायचा तो कायम जमिनीलगतच. कुतुबच्या बापाची, रफिक उस्तादांची ही रीत. बाप प्लेगात गेला, कळंब्याकडच्या माळावर, झोपडीत. ताप चढल्यावर दोन दिवस बोलणं असं झालंच नाही. हाताची कारागिरी कुतुबला मिळाली होती, बाकीचं जे काय सांगायचं राहिलं ते राहिलं.

उचल करायची तर सगळ्यांचा जोर एका वेळी लागला पाहिजे. एक खांदा आधी गेला की ताबूत कलंडला. त्यासाठी हलगी. आणि हलगी होती जोतीरामची.

जोतीराम कुतुबच्याच वयाचा. पेठेच्या टोकाला त्याचं घर, ओढ्यापलीकडे उसाचं रान, दावणीला म्हशी. सकाळी म्हैस घेऊन दारोदार फिरायचा आणि गिऱ्हाइकाच्या पुढ्यात धार काढून द्यायचा. त्याचा बाप पिराच्या नवसानं झालेला, म्हणून त्या घराण्यानं ताबुताची हलगी वाजवायची असा बोल होता. बापामागं हलगी आणि तिचा मान जोतीरामकडे आला. उचलीचा ठेका वेगळा. आधी सावकाश, मग खांदे लागले की जलद, आणि मजला खाली नीट बसला की शेवटी एक जबरी टोला. तो टोला पडला की चिंचेवरचे कावळे उडायचे.

कुतुबचा भरवसा कुणावर नव्हता म्हटलं ना, ते एक जोतीराम सोडून. दोघं तालमीच्या एकाच हौद्यात, लाल मातीत लोळलेले. मोहरमच्या चोंग्यांसाठी जोतीरामची बायको धोंडुबाई आपल्या घरचा गूळ घेऊन अमीरबीकडे यायची. दोघी मिळून कणीक मळायच्या, लाटीवर फणीनं नक्षी उठवायच्या आणि तळता तळता दोघींच्या नवऱ्यांना नावं ठेवायच्या. त्या गोड वासानं बोळ भरून जायचा. इतकं सगळं चांगलं चाललं होतं. पण चांगलं चाललेलं कुतुबला बघवायचं नाही.

झालं असं. विहिरीची तालीम म्हणून दुसरी तालीम होती, दोन बोळ ओलांडून उगवतीला. त्यांचाही ताबूत निघायचा. तो करायचा दिलदार चाचा. म्हातारा माणूस, एके काळी रफिक उस्तादांच्या जोडीनं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेला. आता डोळ्यांत सारा पडलेला, पण बोटं शाबूत. शेवटच्या दिवशी दोन्ही ताबूत तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, समोरासमोर यायचे, खांदेकरी त्यांना जरा झुकवायचे आणि कळसाला कळस लागायचा. ही भेट. भेट झाली की माणसं हात जोडायची, बायका डोळे पुसायच्या, आणि मग पंचगंगेची वाट धरायची.

कुतुबच्या मनात एकच सल होता. दोन्ही ताबूत दर साली सारख्याच उंचीचे कसे? हा आत पोत्यांच्या आड काम करणार, तो तिकडे आडोशात करणार, कुणी कुणाकडे जायचं नाही, आणि बाहेर काढले की कळसाला कळस! गावाला ते गोड वाटायचं. कुतुबच्या मनात मात्र पाल चुकचुकायची. एखाद्या साली तरी आपला वर निघावा, त्यांचा कळस आपल्या खांद्याला लागावा, आणि बघणाऱ्यांनी म्हणावं की रफिकच्या पोरानं बापाचं नाव वर नेलं. एवढीच त्याची हौस.

अमीरबीनं एकदा ऐकून घेतलं आणि फाडकन म्हणाली, "ताबूत दुःखाचा असतोय, अजी. शर्यतीचा बैल न्हाय त्यो."

पण याला ऐकायचं असेल तर ना! गेल्या मोहरमला त्यानं गुपचूप एक मजला जादा बांधला. सांगितलं फक्त जोतीरामला, तेही कानात. पैलवानांना उचलीच्या वेळीच कळलं. आणि शेवटच्या दिवशी तिकटीवर बघतो तर काय, विहिरीच्या तालमीच्या ताबुतालाही एक मजला जादा! कळसाला कळस. लोकांनी हात जोडले. कुतुबचे हात खालीच राहिले. सगळे ताबुतांकडे बघत होते आणि हा जोतीरामकडे बघत होता.

एवढं एकाच माणसाला ठाऊक होतं. मग सांगितलं कुणी?

त्या दिवसापासून कुतुबनं डोळ्यांत तेल घातलं. बाशिंगांचं काम एकीकडे ठेवून हा जोतीरामच्या म्हशीमागून फिरायला लागला. एका सकाळी त्याला पाहिजे ते दिसलं. जोतीराम दिलदार चाचाच्या दारात धार काढत होता. म्हातारा पायरीवर बसून काही सांगत होता आणि जोतीराम खो खो हसत होता. निघताना चाचाच्या सुनेनं पानात बांधलेलं काही त्याच्या हातात दिलं. कुतुब भिंतीआडून बघत होता. काय असेल त्या पानात? संध्याकाळी जोतीरामच्या घरी सहज म्हणून गेला आणि बघतो तर ते पान चुलीजवळ पडलेलं. उचलून हुंगलं. मलिद्याचा वास आला. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, मलिदा होता. कुतुबनं मनाशी ठरवलं, म्हणजे मलिद्यावर फितूर झाला हा!

तरी त्यानं एक परीक्षा घ्यायची ठरवली. औंदाचं काम सुरू व्हायच्या आधी तो जोतीरामला म्हणाला, "जोत्या, कुणाला सांगू नगंस. औंदा कळसावर मोर बशिवणार हाय."

"मोर? ताबुतावर मोर कशाला मर्दा?"

"तू सांगू नगंस एवढंच."

आणि मग हा रोज विहिरीच्या तालमीवरून चक्कर मारायला लागला. त्यांचा कळस पहिल्या उचलीनंतर आडोशाच्या वर डोकावायला लागला. साधा कळस, मोर नाही, चिमणीसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाचाही संशय इथं फिटला असता. कुतुब घरी येऊन अमीरबीला म्हणाला, "बघितलंस? मोर लावला न्हाय. म्हणजे जोत्याला समजलं, मी त्याला फसवालोय. त्यानं आधीच जाऊन सांगितलं असणार, मोर खोटा हाय म्हणून."

अमीरबीनं हातातली पळी खाली ठेवली. "मोर लावला असता तर?"

"तर सांगितलं हे उघडच हाय की!"

"आणि न्हाय लावला तरी सांगितलंच."

"मग!"

"अल्ला," ती कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्या माणसासंगं मी जलम काढला."

अशा माणसाच्या डोक्यात हलगी कशी यावी? हलगी तर मोहरमात जिथं तिथं वाजते. लहानपणापासून ती त्याच्या कानात इतकी बसलेली की तिच्याकडे बघायचं असतं हेच त्याला सुचलं नाही. पण औंदा तो उचलीच्या वेळी ताबुताकडे बघतच नव्हता, जोतीरामकडे बघत होता. आणि बघता बघता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. जोतीराम उचलीचा ठेका धरताना पैलवानांकडे पाठ करून उभा राहायचा. तोंड उगवतीला. विहिरीच्या तालमीकडे.

त्या दुपारी ताबुताचे वरचे मजले उभे झाले होते. खालचा नेहमीचा एक राहिला होता, आणि कुतुबनं औंदाही घरी झाकून ठेवलेला जादाचा एक. उचल झाली, टोला पडला, कावळे उडाले. पैलवान घाम पुसत बसले. धोंडुबाई आणि अमीरबी चोंग्यांची परात घेऊन नुकत्याच आल्या होत्या. कुतुब जोतीरामपुढे जाऊन उभा राहिला.

"तोंड तिकडं का करतोस रं?"

"कुठं?"

"उगवतीला. माणसं हितं, ताबूत हितं, आणि तुझं तोंड तिकडं. का?"

जोतीराम हसला. "माझा बा तसाच उभा ऱ्हायाचा."

"का ऱ्हायाचा?"

"मी काय इचारलं न्हाय बाबा. तुझा बा कळस आधी आणि पाया मागनं का करायचा, तू इचारलंवतंस?"

पैलवान हसले. ते हसणं कुतुबला झोंबलं. सालभर पोटात धरून ठेवलेलं एकदम वर आलं. दिलदारच्या दारातली धार, पानातला मलिदा, न लावलेला मोर, सगळं त्यानं चारचौघांत बाहेर काढलं. "घरचा भेदी हायस तू! आमचं खाऊन तिकडं सांगतोस! गेल्या सालचा जादा मजला तुझ्याबिगार कुणाला ठावं हुता? सांग की!"

जोतीरामचं हसू गेलं. "कुतुब, काय बोलालाईस तू?"

"आजपास्नं हितं हलगी वाजायची न्हाय. तुझी तर न्हाईच न्हाई."

कुणी काही बोललं नाही. बोलायला पाहिजे होतं, आणि पैलवानांना ते पुढं आयुष्यभर टोचलं, पण त्या घडीला एकाचीही जीभ उचलली नाही. जोतीरामनं गळ्यातली हलगी काढली. भांडला नाही, शपथ घेतली नाही. आत जाऊन पिरासमोरच्या खुंटीला ती टांगली आणि बाहेर येऊन म्हणाला, "माझ्या बाची हलगी हाय. तिथं टांगलीया. तुला खरं काय ते कळल तवा तुझ्या हातानं काढून आण. तंवर मी तिला शिवायचा न्हाय."

धोंडुबाईनं परात खाली ठेवली. तिला रडू येत होतं, पण आवाज खणखणीत होता. "कुतुबभावजी, मलिदा मी मागितलावता चाचाच्या सुनंकडनं. आमच्या थोरलीला डोहाळं लागल्यात." आणि नवऱ्याच्या मागोमाग निघून गेली.

आता तरी याच्या डोक्यात उजेड पडावा की नाही? छे! कुतुब म्हणाला, बायको नवऱ्याचीच बाजू घेणार.

राहिलेल्या दोन उचली हलगीविना झाल्या. कुतुबनं तोंडानं "हां... हां... उचल!" असं केलं. एक खांदा आधी गेला, एक मागं राहिला, कामट्या करकरल्या, एका कोपऱ्याची बेगड फाटली. पैलवानांच्या मानेच्या शिरा फुगल्या. पण मजले बसले. कुणी टोला दिला नाही, कावळे फांदीवर तसेच बसून राहिले. ताबूत उंच झाला खरा. आडोशाच्या वर, चिंचेच्या खालच्या फांद्यांच्याही वर. कुतुब मान वर करून बघत राहिला आणि मनात म्हणाला, आता सांग म्हणावं कुणाला सांगायचं ते.

घरात अमीरबी त्याच्याशी बोलेना. जेवायला वाढायची आणि पाठ करून बसायची. चोंगे तिनं एकटीनं केले. गूळ बाजारचा आणला होता, नक्षीही धड उठली नव्हती. कुतुबनं एक तुकडा तोंडात घातला. त्याला चव लागली नाही, आणि त्यानं मनाशी म्हटलं, हिनं मुद्दाम केलंय.

शेवटचा दिवस उजाडला. ताबूत बाहेर निघाला तेव्हा पेठेनं तोंडात बोट घातलं. दुतर्फा माणसं, गच्चीवर बायका, उदाचा धूर. कैताळाच्या झांजा वाजत होत्या, पण हलगी नव्हती, आणि पुष्कळांच्या माना तिला शोधत वळत होत्या. कुतुब पुढं चालला होता. छाती पुढं, नजर उगवतीच्या बोळाकडे. तिकटीवर येऊन ते थांबले.

समोरून विहिरीच्या तालमीचा ताबूत आला.

आला तो बुटका. दोन मजले कमी. खालच्या बाजूला नुसत्या कामट्या उघड्या, त्यांच्यावर कागदही चिकटवलेला नाही. अर्धवट सोडून दिलेल्या कामासारखा तो खांद्यांवर डुलत आला. त्याच्यामागे कुणी वाजवत नव्हतं, कुणी गात नव्हतं. पुढं दिलदार चाचा, त्यांच्याच तालमीतल्या गुंडू पैलवानाच्या खांद्यावर हात ठेवून, चाचपडत.

कुतुबला आधी आनंद झाला. तो लपवायचं कारण नाही, झालाच. पण म्हातारा ताबुताकडे वळलाच नाही. गुंडूला सांगून तो सरळ कुतुबपुढं आला, हात पुढं करून त्यानं त्याचा चेहरा चाचपला आणि विचारलं, "बेटा, कोण गेलं?"

"म्हंजे?"

"तुमच्यात मैयत कुणाची झाली? अमीरबी बरी हाय न्हवं? जोतीराम?" चाचानं त्याचा दंड धरला. "मी कान लावून बसलोवतो. तुमची हलगी वाजायची बंद झाली, जोतीरामची म्हैसबी दारात आली न्हाय. मी पोरांना म्हटलं, ठेवा हत्यारं खाली. रफिकच्या घरात कोणतरी गेलं."

खांदेकऱ्यांनी माना वळवून म्हाताऱ्याकडे बघितलं.

"हलगीचं काय चाचा?" कुतुब पुटपुटला.

"हलगीचं काय?" म्हातारा चक्रावला. "तुझ्या बानं तुला सांगितलं न्हाय? मी आणि रफिक एका उस्तादाचं. दोन तालमींचं पटंना म्हणून आमाला येगळं व्हावं लागलं. तवा रफिक म्हणला, दिलदार, आपुन येगळं, पर ताबूत एक. मी उचल केली की हलगी तुझ्याकडं तोंड करून वाजंल. टोला पडला की तू उचल. एक जादा वाजली तर एक जादा बांध. म्हंजे भेटीला कळसाला कळस लागंल, कुणी वर न्हाय, कुणी खाली न्हाय. आणि हलगी वाजलीच न्हाय तर समज, माझ्यात मैयत झाली. मग तूबी थांब. मैयतीच्या घराला डावलून आपुन ताबूत वाढवायचा न्हाय." त्यानं पुन्हा चेहरा चाचपला. "त्यो गेल्यापास्नं मी दर साली जोतीरामच्या हातनं त्याचंच बोलणं ऐकतोय. सांग की रं. कोण गेलं?"

सालभर ज्या चोराच्या मागं तो हिंडला होता, तो त्याचा बाप निघाला. आणि आपण कुणाच्या गळ्यातली हलगी काढायला लावली ते त्याला आता दिसलं. गर्दीत त्यानं बघितलं. जोतीराम कडेला उभा होता, म्हशीच्या दाव्याला धरून, धोंडुबाई शेजारी. त्यानंही चाचाचं बोलणं ऐकलं होतं. आपला बाप उगवतीला तोंड का करायचा, हे त्यालाही आत्ताच कळलं होतं.

"कुणी गेलं न्हाय चाचा," कुतुब म्हणाला. "माझी अक्कल गेलीवती."

तो मागं वळला आणि तालमीकडे पळत सुटला. पिरासमोर टेकला, खुंटीची हलगी काढली. इतके दिवस टांगून कातडं सैल पडलं होतं, बोटानं वाजवलं तर बद्द बोललं. त्यानं आवारात गवताची आगटी केली आणि हलगी शेकली, पुढून, मागून, हात पोळेपर्यंत. आयुष्यात त्यानं हलगी कधी शेकली नव्हती. ते काम जोतीरामचं.

तिकटीवर परत आला तेव्हा दोन्ही ताबूत तसेच खांद्यांवर होते. खांदेकऱ्यांचे पाय लटपटत होते, पण एकानंही खाली ठेवला नव्हता. कुतुब जोतीरामपुढे गेला आणि दोन्ही हातांनी हलगी पुढं धरली.

"खालचं दोन मजलं काढायचं हायीत," तो म्हणाला. "उचल करावी लागंल. तुझ्याबिगार व्हायची न्हाय." आणि मग, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं, "मी तुझ्यावर खोटा आळ घेतला जोत्या. चुकलं माझं."

जोतीरामनं हलगीकडे बघितलं, कुतुबच्या पोळलेल्या बोटांकडे बघितलं. मग हलगी घेतली, गळ्यात अडकवली, बोटानं एकदा वाजवून बघितली.

"तोंड कुठं करू?" त्यानं विचारलं.

विचारताना तो हसत नव्हता. कुतुबनं मान खाली घातली. "उगवतीला कर गड्या," तो कसाबसा म्हणाला.

ठेका सुरू झाला. आधी सावकाश, मग जलद. सगळे खांदे एका दमात वर गेले, जरासुद्धा करकर झाली नाही, आणि कुतुबनं स्वतः वाकून खालचा मजला ओढून काढला. टोला पडला. पुन्हा उचल, पुन्हा टोला. हलगीविना चढवलेले दोन्ही मजले रस्त्याच्या कडेला पडले. दिलदार चाचा पांढऱ्या डोळ्यांनी वर बघत होता आणि मान डोलवत होता. मग दोन्ही ताबूत झुकले आणि कळसाला कळस लागला. धोंडुबाईनं डोळे पुसले. अमीरबीनं तिचा हात धरला होता, तो सोडला नाही.

त्यानं कुतुब सुधारला असं कुणी समजू नये. शेळीचं तोंड तो मरेपर्यंत हुंगत होता. पण पुढं दर मोहरमला पहिल्या उचलीआधी जोतीराम चारचौघांत त्याला विचारायचा, "कुतुब, तोंड कुठं करू?" आणि दर साली कुतुबला मान खाली घालून सांगावं लागायचं, "उगवतीला." पैलवान हसायचे. पुढं पुढं कुतुबही हसायला लागला. जोतीराम मात्र त्या प्रश्नाला कधी हसला नाही.

मग मानमोडीची साथ आली. गाव खोकत होतं, रोज कुठल्या ना कुठल्या दारातून तिरडी निघत होती. त्यातच मोहरम आला. कळस बांधून झाला, पहिल्या उचलीचा दिवस आला, आणि त्या पहाटे जोतीराम गेला. पैलवानांनी विचारलं, दुसऱ्या कुणाला तरी हलगी देऊ का, उचल तर करायला पाहिजे. कुतुबनं मान हलवली. तो चिंचेखाली कळसाशेजारी बसला, हलगी मांडीवर घेऊन, तोंड उगवतीला करून.

दुपार कलली तशी विहिरीच्या तालमीची माणसं त्या बोळातून यायला लागली. दिलदार चाचा केव्हाच गेला होता, पुढं गुंडू होता. हत्यारं खाली ठेवून, हात धुऊन आली होती सगळी. त्यांच्यापैकी कुणीही कोण गेलं असं विचारलं नाही. ती येऊन कुतुबशेजारी जमिनीवर बसली.